व्हाळाकाठचा पातेरा उचलावा की राहू द्यावा? (पानं, गांडुळं आणि माती)

पोफळबाग

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गात आमची पोफळी-माडांची बाग आहे, बारमाही व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाने. व्हाळाच्या वरच्या अंगाला उंबर, करंज, जांभूळ अशी जुनी झाडं. वळण घेतलं की खालच्या अंगाला पूर्वी कधीतरी लावलेली अकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ. दोन्हींमधलं अंतर हाकेचं. माती तीच, पाऊस तोच.

तरी फरक बघा. उंबर-करंजाखाली शिमग्याला घोटा बुडेल एवढा पातेरा, म्हणजे गळलेला पाला, साचतो आणि गणपतीपर्यंत तो जवळजवळ संपतो. उरतात नुसत्या शिरा आणि देठ. जमिनीवर गांडुळांच्या विष्ठेचे बारीक ढीग दिसतात, शेवयांचा चुरा सांडावा तसे. अकेशियाखाली मात्र गेल्या वर्षीची पानं, त्याखाली त्याच्या आधीच्या वर्षीची, असा थरावर थर. उचकटलं तर पांढरी बुरशी दिसते, गांडूळ शोधूनही सापडत नाही.

माझे प्रश्न तीन. एक, असं का होतं? दोन, सासरे दरवर्षी व्हाळाकाठचा सगळा पातेरा गोळा करून राबाला (भाताच्या रोपांची जागा भाजायला) आणि पोफळीच्या आळ्यांत नेतात. मला वाटतं निदान काठावरचा तरी राहू द्यावा. तीन, एक गांडूळखतवाले म्हणतात, आमची गांडुळं अकेशियाखाली सोडा, वर्षभरात जमीन बदलेल. सोडावीत का?

डोंगरझरा

छान विषय. वाचत बसतो.

मृद्गंध

ताई, निरीक्षण अगदी नेमकं आहे. मी मृदाशास्त्र शिकवलं आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचं जरा सविस्तर लिहितो.

पान पडलं की गांडूळ लगेच त्याच्यावर तुटून पडत नाही. त्याला दात नाहीत. आधी पावसाने पानातली विरघळणारी द्रव्यं धुऊन निघतात, मग बुरशी आणि जिवाणू पान मऊ करतात, आणि मग गांडूळ ते पान त्यावरच्या बुरशीसकट खातं. म्हणजे पान किती लवकर मऊ पडतं यावर पुढचं सगळं अवलंबून. पातळ, नत्र जास्त असलेलं, लिग्निन (लाकडाला कडक करणारं द्रव्य) आणि टॅनिन (तुरट द्रव्य) कमी असलेलं पान झटपट कुजतं. उंबर आणि करंज या बाबतीत उजवी. करंज तर शेंगवर्गीय, मुळांवर गाठी असलेलं झाड.

अकेशियाचं जे पान म्हणून आपण बघतो ते खरं पान नव्हेच, तो चपटा झालेला देठ आहे. जाड, चिवट, वर मेणचट थर. पाणी त्यात शिरायलाच वेळ लागतो.

दुसरी गोष्ट चुन्याची. गांडुळाच्या अन्ननलिकेजवळ कॅल्शियमच्या ग्रंथी असतात आणि कॅल्शियम भरपूर असलेल्या पानांखाली गांडुळं जास्त वाढतात. पोलंडमध्ये एकाच जमिनीवर १४ जातींची झाडं वेगवेगळ्या तुकड्यांत लावून पाहिली, काही दशकांनी मातीत गांडुळं कुठे जास्त हे तपासलं, तर ज्या झाडांच्या पानांत कॅल्शियम जास्त त्यांच्याखाली ती जास्त निघाली. मातीचा सामूही (pH) तिथे वर गेलेला, म्हणजे आंबटपणा कमी झालेला. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. माती तीच असूनही झाडाने ती बदलली. तुमच्या व्हाळावर तेच चाललेलं दिसतंय.

शंकेखोर

मृद्गंध सर, एक शंका. अकेशियाही शेंगवर्गीयच ना? तीही नत्र धरते. मग तिच्या पानांत नत्र कमी कसं?

मृद्गंध

कमी नाहीच. नत्र आहे, पण कुलूपबंद आहे. लिग्निन आणि टॅनिन त्याला बांधून ठेवतात. नुसतं कर्ब-नत्र गुणोत्तर पाहून कुजण्याचा अंदाज बांधला तर फसगत होते, ती इथेच. कर्ब कोणत्या रूपात आहे हेही पाहावं लागतं. गिरिपुष्पाची पानं आठवून पाहा, तीही शेंगवर्गीय, पण पावसात दोन-चार आठवड्यांत विरून जातात.

व्हाळकाठचो

पावसात व्हाळाक पाणी इला काय सगळो पातेरो खाडयेत. ऱ्हवतलो खय? ठेवा म्हणतास, पण व्हाळ ठेवक देवक व्हयो मां!

पोफळबाग

व्हाळकाठचो, खरं आहे तुमचं. अगदी पाण्यालगतचा वाहून जातो. मी म्हणतेय ते त्याच्या वरच्या टप्प्यावरचं, जिथे पाणी मोठ्या पावसातच चढतं आणि लगेच उतरतं.

कृष्णाकाठ

आमच्याकडे ओढ्याकाठी काळी जमीन आणि ऊस. तुमचा पातेरा तसं आमचं पाचट. पूर्वी ऊस गेला की काडी लावायची, रात्री सगळं शिवार पेटलेलं दिसायचं. आता आमच्या भागात बरेच जण पाचट सरीत दाबून कुजवतात. त्यासाठी कृषी विद्यापीठाची शिफारस अशी: एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू. युरिया कशाला, तर पाचटात कर्ब रग्गड आणि नत्र थोडं. जिवाणूंना नत्र कमी पडलं की ते जमिनीतलं ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो.

पाचट ठेवायला लागल्यापासून ओढ्याकडच्या सऱ्यांत पावसाळ्यात खुरपं लावलं की गांडूळ निघतंच. पाणीही लवकर मुरतं. पाचट जाळलेल्या शेजारच्या रानात वरून वाहून ओढ्याला लागतं.

तरवा

सगळे जण राबाला नावं ठेवायच्या आत लिहितो. आमच्याकडे अजून राब भाजतात आणि त्यामागे विचार आहे. खाली शेण, त्यावर कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), त्यावर पातेरा आणि गवत, वर बारीक मातीचा थर. माती वर असल्याने आग भडकत नाही, धुमसत राहते. त्या धगीने तणाचं बी मरतं, किडीची अंडी मरतात. राखेने आंबट जमिनीचा सामू थोडा वर येतो, पालाश मिळतो. आणि रोप उपटायला इतकं हलकं निघतं की लावणीला बायकांच्या बोटांना त्रास होत नाही. हे चिखलात उभं राहून तरवा काढणाऱ्याला विचारा.

ताईंचे सासरे काही उगाच पातेरा नेत नसणार.

मृद्गंध

तरवा, तुमचे सगळे मुद्दे खरे आहेत. फक्त हिशेबाची दुसरी बाजू मांडतो. भाजताना पानातलं बहुतेक नत्र धुराबरोबर जातं, गंधकाचाही मोठा भाग जातो. राखेत पालाश, स्फुरद, चुना उरतो, पण पालाश पाण्यात लगेच विरघळतो आणि कोकणातला जूनचा पाऊस तो सहज धुऊन नेतो. म्हणजे एवढ्याशा रोपवाटिकेसाठी मोठ्या क्षेत्रावरचं नत्र आपण हवेत सोडतो. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ गादीवाफ्यावर रोपं करायला सांगतं त्यामागे हेही एक कारण आहे. गादीवाफ्यात शेणखत घातलं की रोप उपटायलाही जड जात नाही.

तरवा

गादीवाफा करून पाहिला आहे. रोप चांगलं आलं, पण तण बेणताना घरातली सगळी माणसं लागली. धूर वाचला आणि मजुरी वाढली. माझं म्हणणं इतकंच, राबाला पातेरा हवा असेल तर तो डोंगरउतारावरून, काजूच्या बागेतून घ्यावा. व्हाळाकाठचा सोडावा असं म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूने.

मिनेसोटाकर

मूळचा रत्नागिरीचा, बरीच वर्षं मिनेसोटात. इथली गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला लागू आहे.

हिमयुगात हा सगळा भाग बर्फाखाली होता. बर्फ हटल्यानंतरच्या दहा-बारा हजार वर्षांत इथल्या जंगलांत स्वतःची गांडुळं नव्हतीच. पानं बुरशीच्या जोरावर सावकाश कुजायची आणि जमिनीवर पानांची जाड मऊ गादी असायची. रानफुलं, नेचे, मेपलची रोपं त्या गादीत वाढायची. मग युरोपातून आलेल्या लोकांबरोबर, झाडांच्या मुळांतल्या मातीतून आणि पुढे मासेमारीच्या आमिषातून गांडुळं आली. मासे पकडून झाले की उरलेली गांडुळं लोक काठावर टाकून देत, त्यामुळे तळ्यांच्या आणि ओढ्यांच्या कडेने ती आधी पसरली. जिथे ती पोचली तिथली गादी काही वर्षांत फस्त. खालची माती उघडी, मेपलची रोपं विरळ, आणि पानांच्या थरातच जगणारा एक छोटा दुर्मिळ नेचा कित्येक जागांवरून नाहीसा.

इथल्या विद्यापीठाने लोकांना हाताशी धरून गांडुळांची नोंद ठेवायला शिकवलं. आता आमिषाची गांडुळं कचऱ्यात टाका, रानात सोडू नका, असं सांगणारे फलक लागतात. अलीकडे आशियातली उड्या मारणारी गांडुळं आली आहेत, ती तर याहून झपाट्याने पानं संपवतात.

शंकेखोर

म्हणजे गांडूळ शेतकऱ्याचा मित्र हे शाळेत शिकलो ते मिनेसोटात चालत नाही?

मिनेसोटाकर

शेतात चालतं, त्या जंगलात नाही. कोकणात गांडुळं मुळातली आहेत, झाडं आणि गांडुळं एकत्रच घडली. तिथे पानं लवकर संपणं स्वाभाविक. माझा मुद्दा बाहेरचं गांडूळ नव्या जागी सोडण्याबद्दल आहे. एकदा सोडलं की परत गोळा करता येत नाही.

हिरवा देठ

तिसऱ्या प्रश्नावर मीही लिहितो, गांडूळखत करतो म्हणून. खताच्या खड्ड्यात चालणारी दोन गांडुळं मुख्य. लालसर रंगाचं आयसेनिया फेटिडा हे युरोपाकडचं, आणि लांब, चपळ युड्रिलस हे आफ्रिकेतलं. दोन्ही शेणाच्या आणि कुजक्या पाल्याच्या ढिगात राहणारी. ढीग संपला, ऊन लागलं की संपतात. अकेशियाच्या सुक्या पानांत सोडली तर होळीपर्यंत शिल्लक राहणार नाहीत. पैसे वाया.

नैसर्गिक शेतीचा प्रचार करणारे सुभाष पाळेकर तर म्हणतात आयसेनिया गांडूळच नाही. त्यांचं तेवढं म्हणणं मला पटत नाही, ते गांडूळच आहे. पण स्थानिक गांडुळांना आच्छादन आणि ओलावा द्या, ती आपली आपण वर येतील, हा त्यांचा आग्रह मला पूर्ण पटतो. खत म्हणून गांडूळखत उत्तम आहे. ते करून आळ्यात घाला, गांडुळं खड्ड्यातच राहू द्या.

मृद्गंध

हिरवा देठ यांना दुजोरा. सत्तरच्या दशकात फ्रान्सच्या मार्सेल बूशे यांनी गांडुळांची राहणीप्रमाणे तीन गटांत विभागणी केली, ती इथे कामाची आहे. पहिला गट पातेऱ्यातच राहतो, पानं खातो. दुसरा वरच्या मातीत आडवी बिळं करतो, मातीच खातो, त्यातला कुजका अंश पचवतो. तिसरा खोल उभी बिळं करून वरची पानं खाली ओढतो. खतवाले विकतात ती पहिल्या गटातली. जमिनीची घडण बदलतात ती दुसऱ्या-तिसऱ्या गटातली, आणि ती विकत मिळत नाहीत.

भारतात गांडुळांच्या चारशेहून जास्त जाती नोंदल्या आहेत. लॅम्पिटो मॉरिटाय हे आपल्याकडे सर्रास आढळणारं. उन्हाळ्यात ही मंडळी खोल जातात, ओलसर कप्पा करून त्यात गुंडाळी करून पडून राहतात आणि पहिल्या दमदार पावसाने वर येतात. काठावर पातेरा राहिला तर माती उशिरा सुकते, म्हणजे त्यांचा कामाचा काळ वाढतो. पोफळबाग ताई, हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर.

रानजाई

थोडं विषयांतर करते, पण सांगायलाच हवं. व्हाळाकाठी ओल्या पाल्याखाली गांडुळासारखं दिसणारं, पण जाड, वळ्या-वळ्यांचं, तकतकीत काही सापडलं तर मारू नका. ते देवगांडूळ असू शकतं. नाव गांडुळाचं, पण प्राणी बेडकाच्या नात्यातला, कणा असलेला, पाय नसलेला उभयचर. आंबोलीच्या परिसरातून तर देवगांडुळाची एक जात २००३ मध्ये जगासाठी नवी म्हणून नोंदली गेली. तसाच खापरखवल्या साप, बोथट शेपटीचा, बिनविषारी. दोघांचंही मुख्य खाणं गांडुळं. काठावरचा पातेरा झाडून नेला की गांडुळं जातात आणि ही मंडळीही जातात. लोक साप समजून दोघांनाही ठेचतात, बघवत नाही.

डोंगरझरा

रानजाई, फोटोत दाखवलंत तर ओळखायला मदत होईल. आमच्याकडे पावसाळ्यात आंगणात असलं काहीतरी येतं आणि आरडाओरडा होतो.

रानजाई

टाकते. खूण लक्षात ठेवा: तोंड स्पष्ट दिसतं, जबडा असतो, हातात घेतलं तर बुळबुळीत. गांडुळाला जबडा नसतो आणि अंगावर एक फिक्या रंगाचा पट्टा असतो, वाढ झालेल्या गांडुळाला तरी.

व्हाळकाठचो

गरीयेक लावक काडू, म्हणजे गांडुळां, लागतत त्येंका पण कोणीतरी वाली बघा रे. मासे वाट बघतत!

जलतरंग

आतापर्यंत सगळे काठाकडून बोलले, मी पाण्याकडून बोलतो. ओढ्यांचा अभ्यास हे माझं काम.

व्हाळात पडलेलं पान वाया जात नाही. सह्याद्रीच्या छोट्या ओढ्यांवर झाडांची इतकी दाट सावली असते की पाण्यात शेवाळ फार वाढत नाही. तिथल्या जीवांचं पोट मुख्यतः काठावरून पडलेल्या पानांवर भरतं. पान भिजलं की पहिल्या एक-दोन दिवसांतच त्यातला पालाश आणि साखरेसारखी द्रव्यं निघून जातात. मग पाण्यातल्या खास बुरशी त्यावर बसतात. मंगळूर विद्यापीठातल्या संशोधकांनी पश्चिम घाटातल्या ओढ्यांच्या या बुरशींवर पुष्कळ काम केलं आहे. बुरशीने मऊ केलेलं पान खेकडे आणि किड्यांच्या अळ्या फाडून खातात. तेव्हा व्हाळकाठचो म्हणतात तसा थोडा पातेरा खाडीपर्यंत जाणं हाही चक्राचाच भाग.

आता काठाच्या मातीचं. व्हाळाचा काठ म्हणजे एकसारखी जमीन नाही. वरच्या टप्प्यावर वाफसा असतो, हवा खेळती असते, तिथे गांडुळं. त्यांच्या विष्ठेत आणि त्यांच्या मूत्रात नत्र अमोनियाच्या रूपात येतं, हवेशीर मातीत जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्याबरोबर सहज खाली सरकतं. खाली पाण्यालगत माती कायम भिजलेली, प्राणवायू नाही. तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन हवेत परत जातं. यालाच विनत्रीकरण म्हणतात. बागेत टाकलेल्या युरियाचं जे नायट्रेट व्हाळाकडे निघतं, त्यातलं बरंचसं हा ओला पट्टा अडवू शकतो.

पण या जिवाणूंना खायला कर्ब लागतो, आणि तो कुठून येतो? पातेऱ्यातून. पातेरा झाडून नेला तर पट्टा उपाशी, आणि बागेतलं खत सरळ व्हाळात. खाली विहिरी असतील तर ते पाणी तिथेही जातं.

कृष्णाकाठ

जलतरंग, हे पहिल्यांदा इतकं नीट कळलं. आमच्याकडे ओढ्याच्या अगदी काठापर्यंत ऊस आहे, पट्टाच उरलेला नाही. उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी हिरवंगार.

शंकेखोर

परत मीच. जलतरंग, गांडुळांची बिळं म्हणजे नळ्याच की. मग नायट्रेट त्या नळ्यांतून पट्ट्याला वळसा घालून थेट व्हाळात जाणार नाही का? शिवाय गांडुळांमुळे हवेत घातक वायू वाढतात असंही वाचलं आहे.

जलतरंग

दोन्ही शंका रास्त. खोल उभी बिळं थेट ओल्या थरापर्यंत गेली तर पाणी त्यातून झटकन उतरतं आणि मातीला नायट्रेट अडवायला वेळ मिळत नाही, असं घडतं. म्हणूनच खत काठालगत टाकायचं नाही.

वायूंबद्दल: गांडुळाच्या आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे तिथेही विनत्रीकरण चालतं आणि ते अर्धवट राहिलं की नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. २०१३ साली जगभरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, त्यात गांडुळं असलेल्या मातीतून नायट्रस ऑक्साइड ४२ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ३३ टक्के जास्त निघाल्याचं दिसलं. पण त्यातले बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेतले, थोड्या काळाचे. झाडं, मुळं, ऋतू हे सगळं धरून रानात काय होतं याचा निवाडा त्यावरून देता येत नाही.

मृद्गंध

त्याच्या पुढच्या वर्षीचा, २०१४ चा आढावा शेतीबद्दल होता. गांडुळं असलेल्या मातीत पिकाचं उत्पादन सरासरी २५ टक्के जास्त. त्यातली मेख ही की हा फायदा पालापाचोळा जमिनीत परत जातो तिथे जास्त, आणि आधीच भरपूर नत्रखत टाकलेल्या जमिनीत जवळपास शून्य. गांडूळ नवं नत्र तयार करत नाही, अडकलेलं सोडवतं. खायला पातेराच नसेल तर सोडवणार काय?

गांडूळखताच्या जाहिरातीत पाचपट नत्र, सातपट स्फुरद, अकरापट पालाश असे आकडे असतात. ते १९४४ सालच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासातले आहेत, तिथल्या शेतातली विष्ठा आणि वरची सहा इंच माती यांची तुलना. तेही पिकाला लगेच मिळणाऱ्या अंशाबद्दल. कोकणच्या जांभ्या मातीला तेच गुणक लावणं बरोबर नाही. दिशा मात्र तीच: विष्ठेत मिळण्याजोगी अन्नद्रव्यं भोवतालच्या मातीपेक्षा जास्त असतात. आपल्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे पातेऱ्यातून आणि विष्ठेतून येणारा ताजा स्फुरद इथे सोन्याच्या मोलाचा.

एक काळजी हवीच. न्यूझीलंडमध्ये सत्तरच्या दशकात उताराच्या कुरणांवर दिसलं की ताजी विष्ठा पावसाने धुपली तर तिच्याबरोबर स्फुरदही ओढ्यात जातो. उघड्या काठावर हे होणार. वर पातेरा आणि गवत असेल तर थेंबाचा मार बसत नाही आणि विष्ठा जागेवर राहते. तेव्हा गांडुळं ठेवायची आणि पातेरा उचलायचा, हे दोन्ही एकत्र जमत नाही.

देवराईवाट

या सगळ्यावर आपल्याकडे जुनं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. कोकणातल्या कितीतरी व्हाळांचा उगम देवराईत. रायीतली काटकीसुद्धा न्यायची नाही, असा अनेक गावांत दंडक. तिथे पातेऱ्यात हात घातला की वर कोरडी पानं, खाली अर्धी कुजलेली, त्याखाली चाळणीतून पडल्यासारखी काळी रवाळ माती, आणि वास पहिल्या पावसाचा. चैत्र-वैशाखातही ती माती हाताला गार लागते. त्या रायीतून निघणारा झरा बाजूच्या उघड्या डोंगरावरच्या झऱ्यापेक्षा जास्त दिवस वाहतो, हे गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बघत आली आहेत. आता जीर्णोद्धाराच्या नावाखाली रायीत फरशी बसवतात, पाला झाडून पेटवतात. स्वच्छता म्हणून. मला त्याचा फार त्रास होतो. मंदिराचा सभामंडप झाडा, राय कशाला झाडायची?

तरवा

देवराईवाट, शंभर टक्के सहमत. आमच्या गावातही गेल्या काही वर्षांत हेच झालं.

पोफळबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांना जलतरंग यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, "विहीर व्हाळाच्या खालच्या अंगाला आहे, हे आधी सांगायचं होतंस." मग ठरलं ते असं: पाणी जिथवर चढतं त्या रेषेपासून वर एक पट्टा सोडायचा, तिथला पातेरा कोणी उचलणार नाही आणि त्यात खतही पडणार नाही. आळ्यांसाठी पोफळीची झापं आणि बांधावरचं गिरिपुष्प. राबाबद्दल चर्चा चालू आहे, तरवा यांचा डोंगरउताराचा पर्याय त्यांना पसंत पडलेला दिसतोय. विकतची गांडुळं रद्द.

आता दोन गोष्टी विचारते. अकेशियाखाली गांडुळं अजिबात नाहीत की मला दिसत नाहीत, हे घरच्या घरी कसं तपासू? आणि अकेशियाचं काय करू? तोडून टाकू का?

मृद्गंध

तपासायचे दोन सोपे मार्ग. पहिला मोहरीचा. पिवळ्या मोहरीची बारीक पूड, साधारण ४० ग्रॅम, चार लिटर पाण्यात कालवायची. फूटभर लांबी-रुंदीच्या चौकोनातला पातेरा बाजूला करून ते पाणी सावकाश ओतायचं. मोहरीच्या झणक्याने गांडुळं पाच-दहा मिनिटांत वर येतात. मोजून साध्या पाण्यात धुऊन परत सोडायची. हे भर पावसाळ्यात, माती ओली असताना करा. उन्हाळ्यात ती खोल झोपलेली असतात, वर येणार नाहीत.

दुसरा पिशव्यांचा. कांद्याची मोठ्या भोकांची जाळीदार पिशवी घ्या, आणि तेवढीच मच्छरदाणीच्या कापडाची शिवा. दोन्हींत वाळवून वजन केलेली सारखीच पानं भरा. मच्छरदाणीत बुरशी आणि जिवाणू जातात, गांडूळ जात नाही. कांद्याच्या पिशवीत सगळे जातात. मृगाला काठावर ठेवून दसऱ्याला उचला, माती झटकून, वाळवून पुन्हा वजन करा. दोन पिशव्यांतला फरक म्हणजे मुख्यतः गांडुळं आणि इतर मोठ्या किड्यांचं काम. उंबराची पानं अकेशियाखाली आणि अकेशियाची पानं उंबराखाली अशी अदलाबदलही करा. दोष पानाचा की जागेचा, ते त्यातून उलगडेल.

शंकेखोर

हा प्रयोग आमच्या नाल्यावरही करणार. निकाल इथेच टाकतो.

जलतरंग

अकेशिया एकदम तोडू नका. काठ उघडा पडला तर पहिल्याच पावसात माती व्हाळात जाईल. आधी मध्ये-मध्ये स्थानिक झाडं लावा, ती खांद्याएवढी झाली की अकेशिया थोडी-थोडी विरळ करा. अगदी पाण्यालगत शेरणी, तिची मुळं दगडगोट्यांत घट्ट धरतात आणि पुरात ती वाकते पण उपटत नाही. त्याच्या वर करंज, जांभूळ, उंबर. मिश्र पातेऱ्यात मऊ पानांवर वाढलेली बुरशी आणि गांडुळं पुढे चिवट पानांकडेही वळतात, त्यामुळे अकेशियाचा साठाही हळूहळू उतरेल. तोवर वरच्या अंगाचा उंबर-करंजाचा थोडा पातेरा पाटीभर नेऊन अकेशियाखाली पसरा. त्याच्याबरोबर गांडुळांचे अंडकोशही जातात, आणि ती तुमच्याच व्हाळाची गांडुळं.

व्हाळकाठचो

करंजाच्यो शेंगो आमच्याकडे ढीगभर पडतत. व्हये तर सांगा, पोत्यान देतंय.

पोफळबाग

व्हये तर! मृगाच्या आधी येऊन नेते. शेंगा फोडून बिया लावायच्या की अख्ख्या?

व्हाळकाठचो

फोडून. रातभर पाण्यात भिजवा आणि पिशयेत लावा. जुन्यो नुको, ह्याच वर्साच्यो घेवा, जुन्यो रुजनत नाय.